ठेवीचा नगारा

बशीरभाई, तुमच्या मातीला दौंडला जाऊन आलो त्याला अजून आठवडाही झाला नाही. तेव्हापासून रोज सकाळी छापखाना उघडतो, कोरा कागद पुढे ओढतो आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या चुका तपासत बसतो. जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं करायचं, ही सवय मला आजची नाही. इतकी वर्षं ही गोष्ट मी टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. तुम्हाला सांगायची गरजच नव्हती, तुम्हाला ती माहीत होती. पण तुमच्यासमोर ती कबूल करायची होती, आणि तेच राहिलं.

वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं, "तात्या, तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून ओळखता, वार्षिक अंकासाठी चार शब्द द्या." चार शब्द द्यायला काय लागतं? 'कष्टाळू', 'मनमिळाऊ', 'गावाची हानी' हे छपाईचे खिळे माझ्याकडे जुळवून सुतळीने बांधूनच ठेवलेले आहेत. घोडनदी गावात कुणी वारलं की गठ्ठा काढायचा, वरचं नाव बदलायचं, छापायचं. तुमच्या बाबतीत मी एकदा असं केलेलं आहे. पुन्हा करणार नाही.

आपली ओळख झाली ती एका समईवरून. माझ्या छापखान्यासमोरच्या लिंबाखाली तुम्ही भाता लावून कल्हई करत बसायचा. नवसागराचा पांढरा धूर माझ्या खिडकीतून आत यायचा आणि खिळे जुळवणारा माझा जुळारी खोकत शिव्या द्यायचा. एक दिवस मीच तावातावाने बाहेर आलो. तुम्ही वर न बघता एक काळीकुट्ट समई माझ्या हातात दिलीत.

"तात्या, जरा धरा. राहू गावच्या एका घरातनं आणलीया. मोडीत चालली व्हती. मी म्हनलं मोडू नगा, दुसरी देतो. हिच्या अंगावरची नक्षी बगा. निजामशाहीतली हाय."

मी म्हणालो, "कशावरून? पेशवाईतली असेल."

"तुमचं सगळं पुण्याकडनंच येतंय का?"

"आणि तुमचं सगळं नगरकडून?"

त्या समईवरून सुरू झालेलं भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. आपली घोडनदी पुणे आणि नगरच्या मध्ये. त्यामुळे कुठलीही जुनी वस्तू हातात आली की तुम्ही ती नगरच्या बाजूला ओढायचा आणि मी पुण्याच्या. खरं काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. पानाचा डबा, अडकित्ता, धान्याची मापं, एकदा तर इंग्रजांच्या छावणीतली गोटीची सोडा-बाटलीसुद्धा तुम्ही निजामशाहीत नेऊन ठेवलीत. मी हसलो तेव्हा तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "बरं, ही एक तुमच्या पेशव्याला दिली."

एवढी भांडणं झाली पण दोघांपैकी कुणीही कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलं नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं कुजत पडली होती. मी चिटणीस होतो. ती खोली रिकामी करून आपण दोघांनी संग्रहालय मांडलं. वस्तू तुम्ही आणल्या, हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे, कारण नंतर भाषणांतून माझंच नाव येत राहिलं. कल्हईच्या निमित्ताने तुम्ही थेट भीमेच्या पलीकडे, दौंडच्या गावांपर्यंत फिरायचा. बायका भांडी बाहेर काढायच्या, त्यात एखादं आजेसासूच्या वेळचं असायचं. ते तुम्ही गोड बोलून आणायचा. मी कपाटं मिळवली, काचा बसवल्या आणि वस्तूंपुढची कार्डं छापली.

संग्रहालय कुणासाठी, यावर आपलं कधी जमलं नाही. मला नगर रस्त्यावरून वेरूळला जाणाऱ्या मोटारी दिसायच्या. मुंबई-पुण्याची माणसं थंडीच्या दिवसांत लेणी बघायला निघायची. मला वाटायचं, त्यांनी घोडनदीला अर्धा तास थांबावं, आमच्याकडेही काही आहे हे बघावं, गावाचं नाव व्हावं, चार हॉटेलं चालावीत. मी रस्त्यावर पाटी लावली. मोटारी थांबायच्याही. माणसं आत यायची, दारातल्या माठातलं पाणी प्यायची, मोरी कुठे आहे विचारायची, एक नजर टाकायची आणि निघायची. तुम्ही भात्यावरून ओरडायचा, "तात्या, तुमचं पाव्हणं माठ बगून गेलं बरं का! माठाफुडं बी एक कारड लावा."

तुमची माणसं बाजारच्या दिवशी यायची. खेड्यांतली. ती काचेपलीकडचं बघत नसत, काच उघडायला लावत. न्हावऱ्याची एक म्हातारी होती, तिने आपल्या सासूची परात दिली होती. दर बाजाराला ती एकेका नातवंडाला घेऊन यायची आणि म्हणायची, "ही बग आपली. हिच्यात शंभर मानसाचं पीठ मळलंय." तुम्ही निमूट कुलूप काढून परात तिच्या हातात द्यायचा. मी चिडायचो. संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावायचा नसतो, हे मी पुण्यात पाहून आलो होतो.

तुम्ही म्हणायचा, "हात न्हाई लावायचा तर घरची कशी वळखायची?"

मी परातीवरचे बोटांचे ठसे पुसून कुलूप लावायचो.

मग नगारा आला. तुमच्या खेड्यातल्या दर्ग्यातला. घोड नदीच्या काठी ते एवढंसं ठिकाण, मातीचं धाबं, दर पावसाळ्यात गळायचं. नगारा वाजवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या घराकडे. उरसाला दिवेलागणीच्या वेळी पाटलाने नगाऱ्यावर पहिली टिपरी टाकायची, मग ती तुमच्या घरच्याच्या हातात द्यायची, आणि नगारा वाजू लागला की संदलाची मिरवणूक निघायची. पाटलाचं घर मराठ्यांचं, नगारा पिराचा, आणि यात कुणाला कधी काही वेगळं वाटलं नाही. ओल लागून नगाऱ्याचं चामड्याचं पान सुटायला लागलं, तांब्याला हिरवं चढलं. तेव्हा तुम्ही पाटलांना आणि गावाला समजावलंत, "संग्रहालयात कोरड्यात ऱ्हाईल. उरसाला गाडी घिऊन जायची, घिऊन यायचा. ठेव म्हणून ठिवायचा." गाव कबूल झालं ते तुमच्या शब्दावर. मला तिथे कुणी ओळखतही नव्हतं.

तुम्ही चिंच लावून तो घासलात. एवढं मोठं तांब्याचं भांडं, काठावर बारीक वेल, एका बाजूला जुना पोचा. खोलीत उजेड पडल्यासारखा झाला. मी कार्ड छापलं. 'श्री. ... यांची देणगी' हा मजकूर आधीच्या वस्तूंसाठी जुळवून बांधलेलाच होता. जुळाऱ्याने रिकाम्या जागी तुमचं नाव बसवलं.

तुम्ही कार्ड एक-एक अक्षर लावून वाचलंत. "तात्या, देणगी न्हाई. ठेव हाय ती."

"हो, हो. पुढच्या छपाईला बदलू. खिळे बांधलेले आहेत."

"तुमच्या छापखान्यात नुसतं मानसाचं नाव बदलतंय. बाकी समदं त्येच." तुम्ही हसलात. मीही हसलो. पुढची छपाई कितीदा तरी झाली. कार्ड तसंच राहिलं.

उरसाची ती पहिली वर्षं मी विसरू शकत नाही. पाटील रंगवलेल्या शिंगांच्या बैलांची गाडी घेऊन वाचनालयाच्या दारात यायचे. नगारा बाहेर निघाला की बाजारपेठेतली माणसं दुकानातून उठून उभी राहायची. एका वर्षी मोटारीतून वेरूळला निघालेलं एक कुटुंब तो नगारा बघून गाडीमागे गावापर्यंत आलं, तुमच्या अंगणात बसून मलिदा खाऊन गेलं आणि जाताना म्हणालं, "एवढं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." त्या रात्री तुम्ही मला म्हणालात, "बगा, तुमचं पाव्हणं आलं का न्हाई? नगारा खोलीत बसला असता तर आलं असतं का?" तेव्हा मला कळायला हवं होतं. आपल्या संग्रहालयाचा सगळ्यांत चांगला दिवस तो, ज्या दिवशी वस्तू संग्रहालयाबाहेर असायची.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते साहेब आले. मोटारीचं चाक फुटलं म्हणून थांबले होते. सोबत परदेशी पाहुणे होते. साहेब पुण्यातल्या मोठ्या संग्रहालयाचे. त्यांनी समया, मापं, बाटल्या सगळं भरभर ओलांडलं आणि नगाऱ्यापुढे थांबले. तुम्ही त्या आठवड्यात दौंडकडच्या फेरीवर होता.

ते म्हणाले, एक प्रदर्शन भरतं आहे, त्यासाठी हा द्या. शिवाय प्रवाशांसाठी एक पुस्तिका निघते आहे, पुण्याहून वेरूळपर्यंत वाटेत काय काय पाहावं याची. तिच्यात घोडनदीच्या संग्रहालयाचं नाव घालू. मी म्हणालो, "नगारा उरसाला लागतो."

"उरसाच्या आत परत येईल की." मग त्यांनी कार्डाकडे बोट दाखवलं. "देणगी आहे ना? मग चिटणीस म्हणून तुम्हीच देऊ शकता."

बशीरभाई, त्या वेळी मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं की कार्ड चुकलं आहे. एवढं एक वाक्य होतं. पण पुस्तिकेत गावाचं नाव छापलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं, कुठल्या टायपात तेसुद्धा. मी सही केली. दोघा माणसांनी नगारा घोंगडीत गुंडाळून मोटारीच्या टपावर बांधला. न्हावऱ्याच्या म्हातारीचा नातू दारात होता. तो म्हणाला, "तात्या, उरूस लांब हाय की अजून." मी त्याला बाजारात पिटाळलं.

तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं नाही. म्हटलं, येईलच आता, मग हसत हसत सांगू. तुम्ही खोलीकडे निघालात की मी तुम्हाला चहाला घेऊन जायचो. पुढे पुढे तर वाळवी लागली म्हणून खोली बंद ठेवली आहे, असं सांगितलं. मी पत्रं पाठवली. 'पाहतो' असं एकदा उत्तर आलं, नंतर तेही नाही. उरूस जवळ आला तेव्हा पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला गेलो. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी वही काढून दाखवली. नगारा त्यांच्याकडे कायमचा दाखल झाला होता, देणगी म्हणून. ते वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "वर लिहून कळवा," म्हणाले. मी तिथे बसून राहिलो. शेवटी शिपाई खिडक्या लावायला आला.

परतीच्या एस.टी.त ठरवलं, उतरल्यावर थेट तुमच्या घरी. उतरलो आणि माझ्या घरी गेलो.

उरसाच्या दिवशी गाडी आली. बैलांची शिंगं रंगवलेली. पाटील, चार-पाच म्हातारे, आणि त्यांच्यासोबत हसत हसत तुम्ही, नवं पागोटं बांधून. मी कुलूप काढलं. दुसरं काय करणार होतो? ओट्यावर नगाऱ्याचा गोल डाग होता आणि पुढे कार्ड.

पाटलांनी कार्ड उचललं. मोठ्याने वाचलं, तुमचं नाव आणि पुढे 'यांची देणगी'. मग तुमच्याकडे बघितलं. "बशीर, देणगी? ठेव म्हनला व्हतास न्हवं? कुटं हाय नगारा?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच पोरगं रेल्वेत लागलं. म्हनलं येवढा वशिला कुटनं आला."

तुमच्या युसूफला महिन्यापूर्वी दौंडच्या इंजिन शेडमध्ये खलाशाची नोकरी लागली होती. ती त्याची त्याने मिळवली होती, हे मला माहीत होतं. त्याचा अर्ज मीच लिहून दिला होता.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. तुम्ही वाट बघत होता. ती नजर मी नंतर कितीदा तरी आठवली आहे आणि तीत दोष शोधला आहे, म्हणजे मला थोडं हलकं वाटेल. दोष नव्हता. तुम्हाला खरंच वाटत होतं की मी आता बोलेन.

 मी कपाटाची काच पुसायला लागलो. काच स्वच्छ होती.

मग तुम्ही पाटलांना म्हणालात, "व्हय आबा. मीच दिला. पुण्याला लागत व्हता. तात्यास्नी कायबी बोलू नगा."

 कार्ड पाटलांनी परत होतं तिथे, अगदी सरळ ठेवलं. रिकामी गाडी वळवताना बैल अडले, तेवढाच आवाज झाला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "असं का केलंत?" त्याही वेळी प्रश्न मीच विचारला. तुम्ही पागोटं काढून मांडीवर ठेवलंत. "तुमचं नाव निघालं असतं तर ज्यानं त्यानं आपापली वस्तू उचलून न्हेली असती. मग हितं काय ऱ्हातंय? माझं काय, मी समजावीन त्यास्नी. तुम्ही नगारा आणायचं बगा. आला म्हंजी मी सांगतो समद्यास्नी काय झालं त्ये." आणि मग पागोटं उचलून, "पर तात्या, मला आदी सांगायचं व्हतं."

एवढंच बोललात. त्या दिवसाबद्दल जन्मभरात एवढंच.

त्या वर्षी संदल शेजारच्या गावचा ढोल आणून काढला. पुढच्या वर्षी वाजवायचा मान तुमच्या चुलतभावाकडे गेला. तुम्ही उरसाला जायचं सोडलंत. आणि मग जे झालं त्याचा मी कधी विचारच केला नव्हता. बायका तुम्हाला कल्हईला भांडी द्यायला कचरू लागल्या. तुमच्या धंद्यात दुसरं काय असतं? घरातलं भांडं परक्या माणसाच्या हातात द्यायचं आणि ते परत येईल असं धरून चालायचं. माझ्या खिडकीतून दिसायचं, लिंबाखाली तुम्ही भाता लावून बसलेले आणि पुढ्यात काही नाही. धूर यायचा बंद झाला. जुळारी म्हणाला, "बरं झालं, सुटलो." मी त्याच्यावर ओरडलो. ओरडायचं कुणावर होतं आणि ओरडलो कुणावर.

वर्ष उलटलं आणि तुम्ही युसूफकडे दौंडला राहायला गेलात. निघताना समई माझ्या हातात दिलीत. "ही संबाळा. निजामशाहीतली हाय."

पुस्तिका निघाली. घोडनदीचं नाव होतं, एक ओळ: 'येथील लहान संग्रहालयातील जुना नगारा प्रेक्षणीय.' ती घेऊन एक मोटार आली. गृहस्थांनी विचारलं, "नगारा कुठे आहे?"

मी म्हणालो, "पुण्याला."

"अहो, आम्ही पुण्याहूनच आलो!" त्यांच्या बायकोला हसू आवरेना. मीही हसलो. मग ते पाणी प्यायले आणि गेले.

तुम्ही ज्याला भीत होता तेही झालंच, फक्त सावकाश. बाजारच्या दिवशी एकेक जण येऊन आपली वस्तू मागू लागला. न्हावऱ्याची म्हातारीही आली. "तुमच्याकडं ठिवलेलं पुण्याला जातंय म्हनं," ती म्हणाली आणि परात पदराखाली धरून घेऊन गेली. मी कुणाला काय सांगून अडवणार होतो? आता त्या खोलीत सोसायटीची खताची पोती असतात. एवढी मोठी किंमत देऊन तुम्ही जे वाचवलंत, ते मला चार वर्षंसुद्धा सांभाळता आलं नाही.

मी पुण्याला पुन्हा गेलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिकीट काढून आत गेलो, सगळ्या लोकांसारखा. नगारा कोपऱ्यात होता, दोरीपलीकडे. पान आता फाटलेलं. समोर छापील कार्ड: 'नगारा. पेशवेकालीन. घोडनदी.' तुमचं नाव नाही, तुमच्या गावाचं नाही, पिराचं नाही. आणि बशीरभाई, भांडण मी जिंकलो होतो. पेशवेकालीन! कुणी ठरवलं देव जाणे. बहुधा मीच त्या दिवशी साहेबांपुढे फुशारकीने म्हणालो असेन. त्या एका शब्दाच्या जागी निजामशाही लिहिलेलं असतं तर मला तिथेच रडू आलं असतं बहुतेक. मी दोरीवरून हात पुढे केला. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, हात लावायचा नाही." मी हात मागे घेतला.

दौंडला मी येत राहिलो. रेल्वेच्या चाळीत तुमची खोली, दारात वाळत घातलेले काळे कपडे, सगळीकडे कोळशाची भुकटी. पहिल्या दोन-तीन भेटींत तुम्ही विचारायचा, "आला का वो?" मी म्हणायचो, "अर्ज केलाय." मग तुम्ही विचारणं सोडलंत. त्यापेक्षा ते विचारणं परवडलं होतं. नंतर आपण एस.टी. वेळेवर आली का, युसूफची पाळी कुठली आहे, असंच बोलायचो. भाभी चहा द्यायच्या. त्यांना सगळं माहीत होतं का? त्या माझ्याशी नेहमी नीट बोलल्या, म्हणून मला ते अजून कळलेलं नाही.

शेवटच्या भेटीत तुम्ही अंथरुणावर होता. आयुष्यभराच्या धुराने छातीचा भाता झाला होता. मला बघून म्हणालात, "समई हाय का?"

"आहे. घरी आहे."

"कवाची म्हनायची?"

मी म्हणालो, "निजामशाहीतली. तुमचंच बरोबर होतं."

तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात. "आजारी मानसाची मर्जी राकताय व्हय तात्या? भांडा की नीट."

मला भांडता आलं नाही. मी म्हणालो, "बशीरभाई, त्या दिवशी वाचनालयात..." आणि थांबलो. त्या वेळी इंजिनाची शिट्टी झाली किंवा युसूफ आत आला, असं लिहायला सोपं होतं. तसं काही झालं नाही.  भाभी बाहेर होत्या. तुम्ही माझ्याकडे तसंच बघत होता, वाट बघत, पाटलांसमोर बघितलं होतं तसं. मी पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "जावा आता. न्हावऱ्यावरनं जानारी गाडी चुकंल."

मी गाडी पकडली.

आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण याही पुढचं आहे. कबरस्तानात तुमच्या गावची माणसं आली होती. पाटील आता पार थकलेत, नातवाचा हात धरून आले होते. मूठभर माती टाकून ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "गडी सोन्यावानी व्हता, तात्या. येवढी एक गोष्ट केली नसती तर."

बशीरभाई, मी मान हलवली.

तुमच्यावरची माती अजून ओली होती आणि मी मान हलवली. पाटलांना वाटलं मी दुःखाने काही बोलत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

येत्या उरसाला गावासमोर उभं राहून सगळं सांगेन, असं मी वर लिहिलं होतं. ते खोडलं. अशी वाक्यं मी पुष्कळ केली, एस.टी.त, चाळीच्या जिन्यावर. माझ्यावर कुणी भरवसा ठेवावा असं मी काही केलेलं नाही, निदान माझा मी तरी ठेवू नये. नगारा आणणंही आता माझ्या हातात नाही. हातात फक्त खिळे आहेत. म्हणून हा मजकूर मी जुळाऱ्याला दिला नाही. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी एक-एक अक्षर स्वतः लावतो आहे. अंक तुमच्या गावी जाईल. पाटलांचा नातू शिकलेला आहे, तो त्यांना वाचून दाखवेल. कार्ड आबांनी मोठ्याने वाचलं होतं, हेही त्यांना मोठ्याने ऐकू जावं. कपाटाची काच पुसत असताना मला जे म्हणता आलं नाही, ते हे:

आबा, गाडी थांबवा. नगारा बशीरभाईंनी दिला नाही. मी दिला, त्यांना न विचारता, न सांगता. पोराच्या नोकरीचा याच्याशी काही संबंध नाही. कार्डावरचा शब्द माझा आहे, आणि तो खोटा आहे.

बशीरभाई, ती ठेव होती. मला माफ करा.